धुळीची आवक-जावक

जगातला प्रत्येक माणूस आकाशाकडे खालून वर पाहतो; वरून खाली पाहणारे एकटे माझे मोठे साडू. मुलुंडला सातव्या मजल्यावर राहतात, बाल्कनीतून समोर डोंगर आणि त्याच्यावर चांगलं ऐसपैस आकाश दिसतं, पण गेल्या सहा-सात वर्षांत त्यांनी त्या आकाशाकडे मान वर करून पाहिल्याचं मला आठवत नाही. बाहेर ऊन आहे की ढग, असं विचारलं तर ते "थांब हां" म्हणून आत जातात, लॅपटॉप उघडतात, पृथ्वीभोवती घिरट्या घालणाऱ्या कुठल्याशा उपग्रहाने काढलेल्या फोटोत मुलुंड शोधतात आणि मग उत्तर देतात. एकदा मी त्यांच्या दारात नखशिखांत भिजून उभा होतो, अंगावरून पाणी निथळत होतं, आणि हे गृहस्थ आतून मला सांगत होते, "तुझ्या घाटकोपरवर ढग आहे, पण पावसाचा वाटत नाही." मी उंबऱ्यावरच थिजलो. शर्ट पिळावा की यांच्याकडे बघत राहावं, तेच कळेना.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना भावजी म्हणते म्हणून मीही भावजी म्हणतो, आणि तिच्या बहिणीला ताई. भावजींचे वडील कोकणातून गिरणीत कामाला आले, आणि भावजी मालाडला एका औषधांच्या गोदामात बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. माणूस निवृत्त होतो म्हणजे त्याची नोकरी सुटते, असा माझा समज होता. भावजींची फक्त जागा बदलली. गोदामाच्या गेटमधून आत आलेली प्रत्येक वस्तू आवक रजिस्टरमध्ये चढलीच पाहिजे, कुठून निघाली, कधी पोचली, कोणत्या अवस्थेत आली हे लिहिलंच पाहिजे, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा धर्म. घरी पाहुणे आले तरी ते आधी "निघालात किती वाजता?" असं विचारतात आणि मग "बसा" म्हणतात. त्यांच्या साठीला मी शाल दिली, तर ती उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "वाटेत कुठे ठेवली होतीस का रे? घडीवर डाग आहे." डाग होता, हे मी इथे कबूल करून टाकतो.

या धर्मात धूळ कशी शिरली ते सांगायला हवं, कारण ते कळलं नाही तर भावजी नुसतेच चक्रम वाटतील. ताईंना दमा आहे. पंप पर्समध्ये, पंप उशीखाली, पंप देवघराच्या फळीवर, असा त्यांचा संसार. एका फेब्रुवारीत त्या सकाळी भाजी आणायला म्हणून खाली उतरल्या आणि अर्ध्या तासाने रिक्षावाल्याने त्यांना धरून वर आणलं. ओठ निळे पडले होते. चार दिवस हॉस्पिटलात काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी हवेत धूळ बरीच होती, त्याने झालं." आपण असतो तर "हो का" म्हणून मान हलवली असती. भावजींनी विचारलं, "कुठून आली?"

"कोण?" डॉक्टर म्हणाले.

"धूळ. आली म्हणता ना? मग कुठून तरी निघाली असेल. निघाली असेल तर वाटेत दिसली असेल. वाटेत दिसली होती तर आम्हाला आधी कोणी सांगितलं का नाही?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या बाळाच्या फोटोकडे पाहिलं. पण भावजींना खरंच उत्तर हवं होतं, आणि डॉक्टरकडे ते नाही म्हटल्यावर ते त्यांनी स्वतः शोधायला घेतलं. ज्या माणसाला मोबाईलवर आलेला फोटो दुसऱ्याला पाठवता येत नव्हता, त्याने दोन महिन्यांत कुठल्याशा संकेतस्थळावरून रोजचा पृथ्वीचा फोटो उतरवून घ्यायची विद्या मिळवली. "फुकट आहे रे सगळं," हे ते मला इतक्या आश्चर्याने सांगायचे की जणू कुणी गोदामाला कुलूप लावायला विसरलं होतं. ढग कसा ओळखायचा, धूळ कशी, धूर कसा, हे त्यांनी मला आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर शिकवलं. ढग पांढराशुभ्र आणि कडा असलेला. धूळ दुधाळ चहाच्या रंगाची आणि कडा नसलेली. धूर निळसर करडा, आणि त्याचं एक टोक नेहमी कुठेतरी बांधलेलं. जिथे बांधलेलं असेल तिथे आग, आणि तिथे नकाशावर लाल ठिपका. मी "वा" म्हणालो आणि वरणाकडे हात नेला. त्यांनी वाटी बाजूला सरकवली, कारण टेबलावर मांडलेल्या त्यांच्या नकाशात ती इराणवर होती.

मग ते रजिस्टर सुरू झालं. लांबट, लाल पाठीचं, गोदामात असायचं तसंच. रकाने ठरलेले: तारीख, माल, कुठून निघाला, कोणत्या मार्गे, कधी पोचला, दर्जा, शेरा. मी पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. 'माल: धूळ, बारीक. निघाला: थरचं वाळवंट. मार्गे: कच्छ, मग समुद्रावरून. दर्जा: वाईट. शेरा: दोन दिवस खिडक्या बंद, ताकीद दिली.' त्याच्याखाली मस्कतकडून निघालेली धूळ, जी निम्म्या समुद्रात विरली, तिच्यापुढे 'माल पोचला नाही.' नोव्हेंबरच्या पानावर पंजाबातल्या भाताच्या खुंटांचा धूर, 'नागपूरपर्यंत आला, पुढे पाठवला नाही.' आणि देवनारच्या कचरा-डेपोच्या बाजूने वारा आला की एकच शब्द, 'लोकल.' ही ताकीद द्यायची ती अर्थात ताईंना. भावजी सकाळी सहाला उठून फोटो बघणार, रजिस्टर लिहिणार, आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून जाहीर करणार, "आज हवा चांगली आहे गं, उघड." किंवा, "आज नको." ताई त्याप्रमाणे खिडक्या उघडणार किंवा लावणार. मी कित्येकदा तिथे होतो, आणि खरं सांगतो, मला हसू यायचं. ताईंना यायचं नाही. त्या पदराला हात पुसत मुकाट्याने कडी काढायच्या.

सोसायटीने त्यांची सुरुवातीला यथेच्छ टिंगल केली. भावजींनी लिफ्टशेजारच्या फळ्यावर, पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेच्या खाली, 'आजची आवक' लिहायला घेतली, तेव्हा कोणीतरी त्याखाली 'बटाटे वीस गोणी' असं लिहून ठेवलं. भावजींनी ते पुसलं नाही, कारण दुसऱ्याच्या नोंदीला हात लावायचा नसतो. मग एप्रिल आला आणि गच्चीवर वाळवणं पडली. फळ्यावर ठळक अक्षरांत होतं, 'दुपारनंतर थरचा माल, भरपूर. पापड, कुरडया, सांडगे खाली न्यावेत.' बाहेर लख्ख ऊन. सेक्रेटरींच्या पत्नीने फळा वाचला, वर पाहिलं, हसल्या, आणि गव्हाच्या चिकाच्या सगळ्या कुरडया गच्चीभर मांडल्या. चार वाजता डोंगर दिसेनासा झाला. पाच वाजता समोरची बिल्डिंग. त्या कुरडया खाली आल्या तेव्हा त्यांच्यावर वीटकरी थर होता आणि बाई रडायच्या बेतात होत्या. भावजी मुद्दाम दोन मजले उतरून त्यांना भेटायला गेले. म्हणाले, "वहिनी, झटकू नका. हा राजस्थानचा आहे, आत जातो. आपला मुंबईचा असता तर निघाला असता." दुसऱ्या दिवसापासून फळ्यासमोर बायकांची गर्दी होऊ लागली आणि पुढच्या वर्षी तर कुरडयांचा गहू कधी भिजत घालायचा हेही त्यांना विचारून ठरू लागलं.

वॉचमन कोपऱ्यात सुका पाला जाळायचा, त्याचा धूर सातव्या मजल्यापर्यंत जायचा. भावजींनी त्याला दम दिला नाही. शांतपणे सांगितलं, "देखो, रोज दीड बजे ऊपर से सॅटेलाईट जाता है. सब का फोटो निकालता है. तुम्हारा भी आयेगा." वॉचमन हबकला. त्या दिवसापासून तो पाला तीन वाजता जाळू लागला. मी हे पाहून भावजींना म्हटलं, "अहो, धूर तर तोच आहे ना?" तर म्हणाले, "हो, पण आता रेकॉर्डवर येत नाही, त्याला मी काय करू?" नियमाने बांधलेल्या माणसाचं हे असं होतं.

आणि गावच्या चुलतभावाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. एका मार्चमध्ये भावजींना नकाशावर त्यांच्याच गावावर लाल ठिपका दिसला. एक नाही, तीन. वडिलोपार्जित काजूची बाग तिथेच. वणवा लागला म्हणून त्यांनी गावी फोन लावला, मी शेजारीच होतो. "अरे, काजूत आग लागली! धाव!" मग चुलतभाऊ म्हणाला, "काजूत नाय, शेतात. भाजावळ चालू हा. मियाच लावलंय." पेरणीआधी शेतात पाला आणि शेण पसरून जमीन भाजतात, ती भाजावळ. भावजींनी लहानपणी स्वतः केलेली. ते ओशाळले. पण चुलतभाऊ त्यांच्याहून जास्त हादरला होता. "पण तुका मुंबैत बसान ह्या दिसला कसा?" त्याने विचारलं, आणि पुढे म्हणे चार दिवस तो परसात जाताना डोक्यावर छत्री घेत होता.

आम्ही सगळे हसत होतो, पण एक गोष्ट नाकारता येणार नाही. त्या पहिल्या फेब्रुवारीनंतर सहा वर्षांत ताई हॉस्पिटलात गेल्या नाहीत. भावजी ते बोलून दाखवत नसत. फक्त रजिस्टरच्या प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या ओळीत लाल शाईने 'दाखल: शून्य' असं लिहीत. मी ती ओळ पाहिली त्या दिवसापासून निदान तोंडावर हसायचा थांबलो. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलं की खिडक्या बंद असायच्या, ताईंनी देवापुढे धूप लावलेला असायचा, भावजी लॅपटॉपवर राजस्थान धुंडाळत असायचे, आणि ताईंना मधूनच खोकल्याची उबळ यायची. भावजी मान न वळवता म्हणायचे, "काहीतरी आलंय वाटतं. बघतो." आणि बलुचिस्तानपर्यंत शोधून यायचे.

मागच्या वर्षी त्यांची मुलगी बाळंत व्हायची होती. ती आणि जावई कॅनडात, पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, एका छोट्या गावात राहतात. बाळंतपणाला ताईंनी जायचं ठरलं आणि आम्ही सगळ्यांनी एकमुखाने म्हटलं की यापरतं चांगलं काय. लेकीचंही होईल आणि ताईंच्या छातीलाही सहा महिने स्वच्छ हवा मिळेल. एकटे भावजी म्हणाले, "जुलै-ऑगस्टात नको." का, तर तेव्हा तिकडची जंगलं पेटतात. आणि मुंबईत तेव्हा पाऊस, म्हणजे इथली हवा वर्षातली सगळ्यात धुतलेली. "चांगला माल सोडून खराब मालाकडे कशाला जायचं?" असं त्यांचं म्हणणं. मुलगी फोनवर वैतागली. "बाबा, आगी लागतात त्या कितीतरी लांब. इथे लोक हवा खायला येतात हो." आम्हाला वाटलं, म्हातारा चहाच्या कपासाठी बायकोला अडवतोय. माझ्या बायकोने तर तसं तोंडावर म्हटलं. भावजींचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः ताईंच्या बॅगांचं वजन करून दिलं. बॅगेत ओवा, बाळंतशेपा, डिंक, वावडिंग, धूप, आणि एक छोटी लोखंडी शेगडी होती. सगळ्याची यादी भावजींच्या अक्षरात, प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण. शेगडीपुढेही.

ताई गेल्या आणि माझ्या बायकोने मला डबा पोचवायच्या कामाला लावलं. एरवी पावसाळा म्हणजे भावजींची सक्तीची सुट्टी. मुंबईवर चार महिने नुसता ढगांचा कापूस, खालचं काही दिसत नाही. या वेळी मात्र त्यांनी दुकान कॅनडाला हलवलं. मी डबा उघडून देत असे आणि ते मला मुलुंडमध्ये बसून तिकडच्या दऱ्या दाखवत असत. नात झाली, बारसं झालं, आणि भावजी रोज न चुकता फोनवर सांगत, "आज तुमची हवा एकदम झकास आहे. उघडा खिडक्या." ते तिकडच्यांना सांगत होते, तिकडच्या हवेबद्दल. जावई सभ्य माणूस, "हो बाबा" म्हणायचा.

बारशानंतर आठवड्याभराची गोष्ट. आदल्या दिवशी पावसाने मला परत जाऊ दिलं नव्हतं, म्हणून सकाळी मी मुलुंडलाच होतो. भावजींनी मला हाक मारली. पडद्यावर हिरव्या डोंगरांमध्ये लाल ठिपक्यांचा पुंजका होता आणि त्याला बांधलेली धुराची करडी पट्टी खाली, मुलीच्या गावाच्या दिशेने उतरत होती. "निघाला," भावजी म्हणाले. त्यांनी वाऱ्याचा वेग काढला, कागदावर भागाकार केला आणि फोन लावला. उद्या दुपारी पोचतोय. जावई खिडकीबाहेर बघून म्हणाला, "बाबा, इथे निळंशार आहे." भावजी म्हणाले, "तुम्ही खालून बघताय." मी त्या रात्रीही तिथेच थांबलो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, म्हणजे तिकडच्या दुपारी, त्यांनी त्या घराची व्हिडिओवरून झडती घेतली. मुलगी फोन घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होती. "किचनची दाखव. कडी लागली? ओढून बघ. बाथरूमची जाळी? तिथे टेप लाव. दाराखाली ओला टॉवेल." एकूण अकरा खिडक्या, अकरा खुणा. शेवटची खूण झाली आणि मुलीने फोन बाहेर वळवला. आकाश नारिंगी झालं होतं. समोरचं झाड दिसत नव्हतं. जावई फक्त "बापरे" म्हणाला. मी भावजींकडे पाहिलं. अर्धी पृथ्वी ओलांडून या माणसाने धुराला दारात अडवलं होतं. सहा वर्षं ज्याला हसलो, त्याच्या पाया पडावं असं मला वाटलं.

आम्ही चहा केला. भावजींनी बिस्किटं काढली, एरवी ते काढत नाहीत. साधारण सात वाजता फोन आला. मुलगी रडत होती आणि मागे कसलीतरी कर्कश घंटा वाजत होती. आईला श्वास घेता येत नव्हता, अ‍ॅम्ब्युलन्स आली होती, आगीचा बंबही आला होता.

"कुठली खिडकी राहिली?" भावजींनी विचारलं. त्यांचा आवाज ओळखू येईना.

"खिडकी नाही बाबा. धूर घरातलाच. आईची शेगडी."

तिकडे संध्याकाळ झाली होती. बाळाला संध्याकाळी धुरी द्यायची, म्हणजे निखाऱ्यावर ओवा, शेपा, धूप टाकून त्याचा शेक आणि धूर द्यायचा, हे ताईंचं पहिल्या दिवसापासून चाललं होतं. कोळसे मिळाले नाहीत तेव्हा जावयाने मांस भाजण्यासाठी तिकडे मिळतात तसले आणून दिले होते. रोज खिडकी उघडी असायची, धूर निघून जायचा. त्या दिवशी मुलगी बाळाला अंघोळ घालत होती, आणि ताईंनी खोलीचं दार लावून, नेहमीसारखी शेगडी पेटवून, वर चिमूटभर जास्तच धूप घातला. बाहेरची हवा वाईट आहे म्हणून. अकरा खिडक्या घट्ट बंद होत्या. भावजींनी स्वतः तपासल्या होत्या.

फोन ठेवल्यावर भावजी लॅपटॉपकडे वळले. मी म्हटलं, "आता ते कशाला?" त्यांनी मुलीचं गाव शोधलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं, शेवटी नुसते करडे चौकोन राहिले. त्या चौकोनांवर बोट ठेवून ते म्हणाले, "इथे काही दिसतच नाही रे." मग पुन्हा तेच म्हणाले. मी त्यांचा चहा, गार झालेला, उगाच पुन्हा गरम करून आणला.

ताई वाचल्या. दुसऱ्या सकाळी व्हिडिओवर दिसल्या, नाकाला नळी, चेहरा एवढासा. पहिलं वाक्य, "जेवलात का?" भावजी एकदम चिडले. सहा वर्षांत मी त्यांना ताईंवर चिडलेलं पाहिलं नव्हतं. "तुला धुराने त्रास होतो, हे तुला माहीत नाही का?"

"धुरीचा धूर म्हणजे काय धूर का हो?" ताई म्हणाल्या. "आणि त्रास थोडाथोडा रोजच होत होता. तिकडेही संध्याकाळी व्हायचाच की, धूप लावला की."

"मग सांगितलं का नाहीस?"

ताई थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही रोज सकाळी सांगायचात, आज हवा चांगली आहे म्हणून. एवढं बघून सांगताय तर चांगलीच असणार. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

मी तिथून उठून बाल्कनीत गेलो. आत बसणं मला जमलं नाही.

ताई नोव्हेंबरात परत आल्या. मी आणि बायको भेटायला गेलो, आणि मला राहायचा आग्रह झाला म्हणून बायको पुढे गेली आणि मी दुसऱ्या सकाळपर्यंत थांबलो. लिफ्टशेजारच्या फळ्यावर आवक लिहिलेली होती. बायकांनी ती बंद पडू दिली नव्हती. सहा वाजता भावजी उठले, लॅपटॉप उघडला, फोटो पाहिला, रजिस्टर काढलं. माझा जीव थोडा भांड्यात पडला, थोडा निराशही झाला. मग ते पेन तसंच हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले. ताई ओट्याशी उभ्या होत्या. भावजी, एखाद्या अनोळखी माणसाला पत्ता विचारावा तसं, चाचरत म्हणाले, "तुला कसं वाटतंय?"

ताईंनी गॅस बारीक केला. एक श्वास घेतला, सोडला, आणखी एक घेतला. "आज जरा जड आहे," त्या म्हणाल्या.

"फोटोत तर स्वच्छ आहे," भावजींच्या तोंडून गेलं. मग त्यांनी परत येऊन रजिस्टरमध्ये लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं. एक नवा रकाना आखलेला होता, पट्टीने, पण शाई थोडी फिसकटली होती. रकान्याला नाव दिलेलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, 'जड.' देवघरातली धूपदाणी धुऊन, पुसून, माळ्यावर गेली होती. देवापुढे नुसता दिवा होता.

मी घाटकोपरला घरी आलो. बायको मटार सोलत बसली होती. मी चप्पल काढली, तिच्या समोर बसलो, आणि म्हटलं, "तुला कसं वाटतंय?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "का? काय झालं? ताईला पुन्हा काही झालं का?"

"नाही गं. तुलाच विचारतोय."

"तुम्ही डॉक्टरकडे जाऊन आलात का?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग ती पुन्हा मटार सोलू लागली, चार-सहा शेंगा झाल्या, आणि खालीच बघत म्हणाली, "संध्याकाळी पाय फार दुखतात हो."

"कधीपासून?"

"झाली की तीन-चार वर्षं."